बादलीची कडी

लेकीच्या रुखवतात पितळी बादली हवीच, हा सिंधूमावशीचा हट्ट, पण पैसे बेताचे. म्हणून घरची जुनी बादली मोडीत घालून नवी घ्यायला ती भर लग्नसराईत कोपर्डेशेटच्या भांड्यांच्या दुकानात शिरली.

शेटच्या डोक्यावर भली मोठी पाटी होती: 'एकच काटा, सगळ्यांना सारखा.' शेटने जुनी बादली काट्यावर ठेवली आणि वजनातून पाव किलो उडवला.

"पाव किलो कुठे गेला, शेट?"

"कडी लोखंडाची आहे. आम्ही पितळेचे पैसे देतो, लोखंडाचे नाही. जरा व्यवहार शिका, मावशी."

गिऱ्हाईकं हसली. मावशीचे कान तापले. तेवढ्यात शेटने नवी बादली तोलायला घेतली, तीही कडीसकट, आणि मावशीचे डोळे लकाकले.

"शेट, हिची कडीही लोखंडाचीच ना? मग पाव किलो उडवा. मीही पितळेचेच पैसे देते."

शेट तडकला. "मग बिनकडीची बादली न्या."

"नेते की. माझ्या जुन्या बादलीची कडी तेवढी काढून द्या. तिचे पैसे तुम्ही दिले नाहीत, म्हणजे ती अजून माझीच. तीच हिला बसवते."

दुकानात एकच हशा उसळला. मागून एक म्हातारी पुढे सरकली. "शेट, गेल्या महिन्यात माझीही कडी राहिलीय तुमच्याकडे."

शेटने घाईघाईने जुनी बादली पुन्हा काट्यावर चढवली आणि या खेपेला कडीसकट पूर्ण वजन धरलं.