मुंगी मेली? छे, ही काय इथे!

मुंगी होती एवढीशी. एवढीशी म्हणजे केवढी? तिळाएवढी. आणि तिच्या डोक्यावर साखरेचा दाणा, तिच्याहून मोठा!

दुपारची वेळ. ऊन सुस्तावलेलं. घर पेंगुळलेलं. मुंगी निघाली आपल्या घरी. तुरुतुरु, तुरुतुरु.

तेवढ्यात समोरून आली वेणू. दुडूदुडू, दुडूदुडू... धप्प!

वेणू पडली. तिचा गुडघा खरचटला. मुंगीचा दाणा उडाला आणि गेला थेट वेणूच्या फ्रॉकखाली.

आई पलंगावर बसून पांढऱ्या रुमालावर भरतकाम करत होती. ती धावत आली. तिनं गुडघ्यावर फुंकर घातली. फू! फू! आणि सगळ्या आया म्हणतात तेच म्हणाली, "अगं बाई, मुंगी मेली!"

झालं! वेणूनं आईच्या गळ्याला मिठी मारली, डोळे घट्ट मिटले आणि भोकाड पसरलं. गुडघ्यासाठी नाही हं. मुंगीसाठी!

मुंगी म्हणाली, "वेणू, वेणू, ऊठ ना. माझा दाणा मिळेना!"

वेणू म्हणाली, "मी नाही जा उठत! मी चालले, म्हणून मुंगी मेली. मी आता चालणारच नाही."

"मेली कुठे? ही काय मी!"

वेणूनं डोळे उघडलेच नाहीत. "आई म्हणाली, मेली. आई म्हणेल नाही मेली, तर उठेन."

मुंगी वळली आईकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"आई, आई, सांग ना. वेणू उठेना, माझा दाणा मिळेना!"

आई म्हणाली, "मी नाही बाई सांगत! आवाज येतो, पण तू दिसत नाहीस. काळी फरशी, काळी तू. पांढऱ्या रुमालावर दिसशील, तर सांगेन."

रुमाल होता पलंगावर. मुंगी चढली पलंगावर. तुरुतुरु, तुरुतुरु.

"रुमाला, रुमाला, खाली ये ना. आई सांगेना, वेणू उठेना, माझा दाणा मिळेना!"

रुमाल म्हणाला, "मी नाही बुवा येत! आई घाईत उठली. सुईनं मला उशीला टाचलं. सुई निघेल, तर येईन."

मुंगी गेली सुईकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"सुई, सुई, नीघ ना. रुमाल येईना, आई सांगेना, वेणू उठेना, माझा दाणा मिळेना!"

सुई म्हणाली, "मी नाही बाई निघत! उशी किती मऊ! दोरा ओढेल, तर निघेन."

मुंगी गेली दोऱ्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"दोऱ्या, दोऱ्या, ओढ ना. सुई निघेना, रुमाल येईना, आई सांगेना, वेणू उठेना, माझा दाणा मिळेना!"

दोरा म्हणाला, "मी नाही बुवा ओढत! माझं रीळ भुरीच्या पोटाखाली. भुरी हलेल, तर ओढेन."

भुरी म्हणजे मांजर. ती पलंगाच्या काठावर उन्हात झोपली होती. घुर्रर्र, घुर्रर्र. मुंगी गेली तिच्या कानाशी. तुरुतुरु, तुरुतुरु.

"भुरी, भुरी, हल ना. दोरा ओढेना, सुई निघेना, रुमाल येईना, आई सांगेना, वेणू उठेना, माझा दाणा मिळेना!"

भुरी म्हणाली, "मी नाही बाई हलत! ऊन कसं उबदार, स्वप्न कसं दुधाळ! पडदा डुलून ऊन झाकेल, तर हलेन."

मुंगी चढली खिडकीवर. तुरुतुरु, तुरुतुरु.

"पडद्या, पडद्या, डुल ना. भुरी हलेना, दोरा ओढेना, सुई निघेना, रुमाल येईना, आई सांगेना, वेणू उठेना, माझा दाणा मिळेना!"

पडदा म्हणाला, "मी नाही बुवा डुलत! वारा वाहील, तर डुलेन."

वारा कुठे होता? खिडकीबाहेरच्या शेवग्यावर. शेंगांना टेकून गाढ झोपला होता. मुंगी गेली फांदीवर. तुरुतुरु, तुरुतुरु.

"वाऱ्या, वाऱ्या, वाह ना. पडदा डुलेना, भुरी हलेना, दोरा ओढेना, सुई निघेना, रुमाल येईना, आई सांगेना, वेणू उठेना, माझा दाणा मिळेना!"

वारा झोपेतच म्हणाला, "मी नाही बुवा वाहत! कुणी फुंकर घालेल, तर वाहीन."

आता काय करायचं? मुंगीची फुंकर ती केवढी! तिला रडूच आलं. मग आठवलं, आईनं गुडघ्यावर काय केलं होतं? मुंगी ताठ उभी राहिली. गाल फुगवले. आणि...

फू!

वाऱ्याला झाली गुदगुली. वारा हसला, खुदकन.

वारा वाहिला, झुळझुळ.
पडदा डुलला, ऊन झाकलं.
भुरी हलली, आळस दिला, म्यांऽव!
रीळ सुटलं, गडगडगड.
दोरा ओढला, सर्रर्र.
सुई निघाली, टुच!
रुमाल उठला. रुमाल उडाला. घरभर तरंगला, ढगासारखा.

आणि मुंगी? ती आली वाऱ्यावर बसून. रुमालाच्या मधोमध उतरली. रुमाल उतरला आईसमोर, अलगद.

आईनं पाहिलं. "अगं वेणू, बघ तरी! मुंगी नाही मेली! मी आपलं उगाच म्हटलं गं."

वेणूनं एक डोळा उघडला. मग दुसरा. पांढऱ्या रुमालावर एक काळा ठिपका चालत होता. तुरुतुरु, तुरुतुरु.

वेणू हसली. वेणू उठली. फ्रॉकखाली काय चमकलं? साखरेचा दाणा! मुंगीनं तो डोक्यावर घेतला आणि निघाली. वेणूही चालली तिच्या मागे. आधी लंगडत लंगडत. मग दुडूदुडू. पण खाली बघत बघत हं!

आईनं सुईत काळा दोरा ओवला. रुमालावर एक गाठ, दोन गाठी, तीन गाठी. झाली मुंगी! तो रुमाल तिनं वेणूच्या गुडघ्याला बांधला.

संध्याकाळी वेणू पुन्हा पडली. धप्प! आई म्हणायला लागली, "अगं बाई, मुंगी..."

वेणूनं फ्रॉक उचलून खाली पाहिलं. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग आपली आपण उठली आणि म्हणाली,

"नाही मेली. मुंगी घरी गेली!"