उताण्या कासवीची जागा

एका जंगलाच्या पार टोकाला, जिथं राजाची डरकाळीसुद्धा दमून पोचायची, तिथल्या एका डबक्यात एक कासवी राहत असे. पावसाळ्यात ते डबकं स्वतःला तळं म्हणवून घ्यायचं आणि वैशाखात त्याचा नुसता चिखल व्हायचा. गेल्या वैशाखात त्याच चिखलात कासवीची आई वाळून गेली होती. यंदा तर चिखलालाही भेगा पडल्या. कासवी रोज उठून भेगेत तोंड घाली आणि ओल किती खाली गेली ते बघे.

नदी तशी जवळच होती. पण मुलांनो, जवळ असणं वेगळं आणि आपलं असणं वेगळं. नदीकाठ राजाचा. परवानगीशिवाय तिथं पाऊल टाकलं, की वाटेवरचं तरस गुरगुरत अंगावर येई.

अशात राजानं गरिबी हटवायचं ठरवलं. अधूनमधून तो ठरवायचाच. हुकूम निघाला : ज्याला छप्पर नाही तो गरीब, आणि गरिबाला नदीकाठची ओली जागा. कोण गरीब ते ठरवायला दरबारातून करकोचा आला. पाय असे लांब, की चिखल तुडवूनही पोटाला शिंतोडा लागायचा नाही. त्यानं कासवीकडं वरूनच पाहिलं.

"पाठीवर पक्कं घर आहे. दगडी. चला पुढं."

"साहेब, घर नाही हो हे. माझी पाठ आहे ही."

"गळते का?"

"नाही."

"मग घरच की!"

गोगलगायीलाही त्यानं तसंच वाटेला लावलं. ओली जागा मिळाली ती म्हाताऱ्या वानराला. त्याच्या टोळीची अख्खी आमराई होती, पण झोपायचा तो फांदीवर, उघड्यावर. छप्पर नाही, म्हणजे गरीब. सगळं रान त्याला 'आबा' म्हणायचं. का म्हणायचं, तर तो म्हातारा होता. दुसरं काही कारण कुणाला आठवत नव्हतं.

कासवी सरपटत आमराईत गेली. आबा आंबा चोखत बसला होता.

"आबा, तुम्हाला एवढी झाडं. तुम्ही गरीब कसे?"

"झाड म्हणजे छप्पर नव्हे, पोरी. पाऊस लागतो." आबानं कोय भिरकावली. "आणि तोंड सांभाळून बोल. आमच्या वेळी थोरांपुढं मान वर करायची सोय नव्हती."

"तुमच्या वेळी डबक्यात पाणी होतं."

आबा गोड हसला. वडीलधारं माणूस असं हसलं, की आपण दोन पावलं मागं सरावं. कासवी सरली नाही. तिला तहान लागली होती.

"हे बघ, साहेब उद्या पुन्हा येतायत. दरबारात दाखवायला आणखी एक तरी गरीब त्यांना हवाच आहे. ते यायच्या आत तू उताणी पड. पाठ खाली, पोट वर. घर दिसायलाच नको."

"आणि मला सरळ कोण करणार?"

"अगं, आम्ही आहोत की सगळे! गाव कशाला असतं मग?"

दुसऱ्या दिवशी ऐन उन्हात वानरांनी तिला डबक्याच्या काठावर उलटं केलं. आभाळ एवढं मोठं असतं, हे तिला ठाऊक नव्हतं. पोट भाजायला लागलं. पाय हवेत वल्हवून वल्हवून थकले, मग नुसतेच लोंबले. करकोचा आला, मान वाकडी करून बघत राहिला आणि हळहळला.

"अरेरे! हिला तर उठताही येत नाही. याला म्हणतात गरिबी. दिली जागा! नदीवरच्या तरसाला सांगून ठेवा, उताणी कासवी आली की आत सोडायची."

वानरांनी टाळ्या पिटल्या. आबानं साहेबांना आमरसाचा आग्रह केला. "नको नको" म्हणत करकोचा सगळ्यांच्या पुढं निघाला.

"आबा!" कासवी ओरडली. "मला सरळ करा!"

आबा लगबगीनं मागं आला आणि तिच्या कानाशी पुटपुटला, "हळू बोल, मूर्ख! आत्ता सरळ केलं आणि साहेबांनी मागं वळून पाहिलं, तर घर दिसेल. सगळ्यावर पाणी पडेल."

"पाणीच पाहिजे मला."

"जीभ फार चालते तुझी. जरा कळ काढ. जेवणं झाली की आलोच."

जेवणं झाली. आमराईतून हसण्याचे आवाज आले, मग घोरण्याचे. आलं कुणीच नाही. कासवीनं हाका मारायचं सोडलं, कारण हाक मारायलाही थुंकी लागते. शेवटी तिनं मान ताणून डोकं जमिनीत रोवलं. डोक्याला एक भेग लागली. तीच, जिच्यात ती रोज ओल शोधायची. भेगेच्या कडेला डोकं अडकवून तिनं जोर दिला. सरकली, पडली, पुन्हा जोर दिला. ऊन कलता कलता एकदाची ती धप्पकन पायांवर आली. आपणच आपल्याला उठवलं याचा आनंद वगैरे काही झाला नाही. दम लागला होता नुसता.

तशीच ती नदीपर्यंत गेली. ओल्या मातीचा वास आला आणि वाटेत तरस आडवं आलं.

"कुठं निघालीस?"

"माझ्या जागेवर. आजच मिळालीय."

"ती उताण्या कासवीला मिळालीय. तुझ्या पाठीवर तर घर दिसतंय."

"तीच मी. आता सरळ झालेय."

"मग उताणी होऊन दाखव."

तरसाच्या पायांमधून तिला आपली जागा दिसली. तिथं आबाची नातवंडं चिखल उडवत होती आणि आबा पाय पाण्यात सोडून बसला होता.

"आलीस का, पोरी?" आबा तिथूनच म्हणाला. "रिकामी जागा दुसऱ्या कुणी बळकावू नये, म्हणून राखत बसलो होतो."

"उठा मग."

"उठतो की. पण नियमाप्रमाणं तू आधी उताणी हो."

"उताणी होऊन पाणी कसं पिऊ, आबा?"

"ते आता साहेब आले की विचार."

कासवी उताणी झाली नाही. परतही फिरली नाही. त्या अरुंद वाटेच्या मधोमध तिनं बसकण मारली, पाय आत घेतले, डोकं आत घेतलं. तरसानं लाथ मारली, तर त्याचीच नखं दुखावली. त्यानं चावून पाहिलं, तर दात कुरकुरले. जी पाठ घर म्हणून तिला नडली होती, ती आज पहिल्यांदा घरासारखी वागली. आबाला आमराईकडं जायला तीच एक वाट होती; दोन्हीकडं काटेरी जाळी, आणि कासवीवरून उडी मारायचं आता त्याचं वय नव्हतं. आधी तो ओरडला, मग थोरपणाच्या गोष्टी सांगू लागला, आणि अंधार पडायला लागला तेव्हा "अगं बाळ" म्हणाला.

आतून आवाज आला, "जरा कळ काढा, आबा."

वाटेवरच्या मातीला नदीची थोडी ओल होती. कासवीनं जीभ बाहेर काढून ती चाटली. तहान भागण्याइतकी नव्हती ती. मागून गोगलगाय येताना दिसत होती. पोचायला तिला वेळ लागणार होता.

तात्पर्य : जी मदत मिळवायला आधी उताणं पडावं लागतं, ती घ्यायला पाय जमिनीवर उरत नाहीत; आणि "आम्ही आहोत की" म्हणणारे थोर एकदा जेवायला गेले, की आपलं आपल्यालाच उठावं लागतं.