एकदाच उघडलेली फाइल

कॉलेजच्या ऑनलाइन वर्गातली फाइली साठवायची जागा संपली, तेव्हा प्राचार्य घैसासांनी भर सभेत फर्मान काढलं, "दहापेक्षा कमी जणांनी उघडलेली प्रत्येक फाइल उडवा!"

त्यात वनस्पतिशास्त्राचे बोलते धडे जाणार होते. ते ऐकणारी एकटी दृष्टिहीन रेणुका.

फाइली सांभाळणाऱ्या कुंदाताई उठल्या. "उडवते, सर. यादीत पहिलंच आहे 'प्राचार्यांचे मनोगत'. एकदाच उघडलंय."

"कोणी?"

"मीच. तुमचं नाव नीट पडलंय का ते बघायला."

आम्ही प्राध्यापकांनी तोंडात बोटं घातली. या बाईंचा आवाजही आम्ही कधी ऐकला नव्हता!

सर खाकरले. "एकानं जरी उघडली असेल, तरी फाइल राहू द्या."

"मग दोन्ही राहिल्या, सर. धडे रेणुकामुळे, मनोगत माझ्यामुळे."