राणीनं कोंडलेला उन्हाळा

एका राज्यात ऐन वैशाखात बायका शाली पांघरून पाणवठ्यावर येऊ लागल्या. आंबे अढीत हिरवेच राहिले, कुरडया वाळेनात, त्यांना आंबूस वास सुटला. परटीण तुळजा घागर भरता भरता म्हणाली, "राणीनं उन्हाळा कोंडून ठेवलाय म्हणे. आपला गोरा रंग..." तेवढ्यात राजवाड्यातली दासी मैना आली आणि तुळजा घागरीत बघत बसली. आता अर्धं ऐकून कुणाला चैन पडतं का? पण पुढचं कुणी बोलेना.

त्याच दिवशी एक टिटवी दरबारात आली.

"महाराज, यंदा मी अंडी नदीच्या पात्रात घातली."

"मग?" राजानं विचारलं.

"पात्रात पाणी येणार असतं तर घातली असती का? जमीन तापली नाही. न तापलेल्या जमिनीकडे ढग फिरकत नाहीत."

राजानं मांत्रिकाला बोलावलं. मांत्रिक खाली मान घालून म्हणाला, "उन्हाळा राणीसाहेबांच्या रांजणात आहे. त्यांनी मागितला, मी भरून दिला. झाकण त्यांच्याच हातून निघेल, पण आधी त्यांना तीन गोष्टी कराव्या लागतील. युवराजांच्या चपला दुसऱ्या कुणाच्या पायात घालायच्या. युवराजांचं ताट वाढणं थांबवायचं. आणि ते येणार नाहीत, असं स्वतःच्या तोंडानं म्हणायचं."

चैत्रात जेवताना राजाच मुलाला रागानं म्हणाला होता, "पायातल्या चपलासुद्धा माझ्याच." युवराज सुवेल ताटावरून उठला, चपला दारात काढल्या आणि अनवाणी निघून गेला. पोराचे पाय पोळू नयेत, म्हणून आईनं ऊन कोंडलं होतं.

राजा राणीकडे गेला, मागोमाग टिटवीही गेली. सारं ऐकून तिनं चपला दारावरच्या पहारेकऱ्याला दिल्या. त्याला त्या घट्ट झाल्या, तरी त्यानं घातल्या. ताट तिनं स्वतः घासून पालथं घातलं. तिसरं मात्र ओठांवर येईना.

"वाट बघणाऱ्याला असं कसं म्हणवेल?" ती म्हणाली. "कुणी पाहिलंय का त्याला?"

"मी पाहिलंय," टिटवी म्हणाली. "माळापलीकडे खैराखाली निजलाय. आता उठायचा नाही. गारवा पडायच्या आधीच गेला."

राणी रांजणाला टेकून उभी राहिली.

"पाय पोळले होते का?"

"पाखराला खोटं बोलता येत नाही, राणीसाहेब. पोळले होते."

राजानं मुकुट काढून भुईवर ठेवला. "त्याला मी घालवलं," तो म्हणाला.

"तुम्ही घालवलंत," राणी म्हणाली. मग अगदी हळू म्हणाली, "सुवेल येणार नाही."

तिनं झाकण उचललं. ऊन रांजणातून निघालं, ओसरीवरून अंगणात गेलं, अंगणातून राज्यभर पसरलं. दुपारपर्यंत कुरडया कडकडीत वाळल्या. आंबे पिकले. टिटवीनं अंडी पात्रातून उचलून काठावरच्या उंच माळावर नेली, आणि मृगात नदी दोन्ही काठ भरून वाहिली.

पाणवठ्यावर तुळजानं मैनेला विचारलं, "खरं सांग गं, राणीनंच कोंडला होता ना?"

"कोंडला होता," मैना म्हणाली. "रंगासाठी नव्हे." आणि तिनं सगळं सांगितलं.

बायकांनी घागरी उचलल्या आणि आपापली पोरं कुठं आहेत ते बघायला लगबगीनं घरी गेल्या.