टोपलीतली डोंगराई

हसा, हसा! इथं येणारं प्रत्येक माणूस आधी हसतंच. बाकीच्या गावांचे देव दगडी चौथऱ्यावर, आणि आमच्या कोंडसरची डोंगराई भाजीसारखी टोपलीत! चौथरा बांधायला आम्हाला दगड मिळत नाहीत असं नाही हो. समोर बघा, डोंगराखाली दगडांचा खच पडलाय. टेका जरा, सांगते.

असं सांगतात, की पूर्वी गाव तिथंच होतं, त्या दगडांच्या जागी. चाळीस उंबरे आणि मधोमध आईचं देऊळ. पूजा येसाई गुरवीण करायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. गाव हेच तिचं गणगोत. फुलांसाठी ती रोज डोंगर चढायची. एका पावसाळ्यात तिला वर जमिनीत भेग दिसली, बोटभर रुंद. बाई मोठी हुशार. तिनं भेगेच्या दोन्ही अंगाला खुंट्या ठोकल्या आणि मधे हार ओवायचा दोरा ताणून बांधला. चार दिवसांत दोरा तुटला. नवा बांधला, तोही तुटला.

तिनं चावडीवर जाऊन सांगितलं, "डोंगर सरकतोय. गाव हलवा."

रावजी पाटील हसले म्हणे. "येसाई, दोरा कुजका असेल तुझा."

"दोरा दर वेळी नवा असतो, पाटील."

"आई बसलीय ना पायथ्याशी? ती आहे तोवर डोंगराची काय बिशाद!" सगळ्यांनी माना डोलावल्या. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण शहाणा असावा लागतो ना! येसाई घरोघर फिरली, पाया पडली. लोक तिला बघून दारं लोटायला लागले.

मग सलग तीन दिवस पाऊस कोसळला. चौथ्या दिवशी सकाळपासून दोरा दोनदा तुटला आणि भेगेत तिचा अख्खा पाय गेला. येसाई धावत खाली आली. चांगली दुपार होती. ती देवळात शिरली, आईचा तांदळा, म्हणजे हा शेंदराचा दगड, फुलांच्या टोपलीत घातला, टोपली डोक्यावर घेतली आणि बोंब ठोकली, "देवी चोरली गं! मी चोरली!"

अहो, काय सांगू! अख्खं गाव काठ्या घेऊन मागं लागलं. बाया पोरं काखेत मारून धावल्या. अंथरुणाला खिळलेला भिवबा म्हातारा सुद्धा म्हणाला, मला पण न्या, बघायचंय. त्याला खाटेसकट उचलला. ती पुढं आणि गाव मागं, थेट ह्या पठारापर्यंत.

पाटलांनी काठी उगारली. जिवाची आशा तिनं सोडलीच होती. टोपली खाली ठेवून म्हणाली, "आई आहे तोवर डोंगराची बिशाद नाही, तुम्हीच म्हणालात. आता आई इथं आहे. ज्याला घरी जायचंय त्यानं जावं."

एक पाऊल मागं वळलं नाही. पाटलांची काठी तशीच वर राहिली, आणि समोर डोंगर खाली आला. देऊळ गेलं, घरं गेली, येसाईची झोपडी सगळ्यात आधी गेली. माणूस मात्र एक गेलं नाही.

मग पाटील तिच्यापुढं बसले आणि लहान पोरासारखे रडले. म्हणाले, "उद्यापासून दोरा मी बघीन. कसा बांधायचा तेवढं शिकव."

आजही ह्या पठारामागच्या डोंगरावर दोन खुंट्या आहेत, आणि दोरा बघायची पाळी घराघराला येते. आजही मृगाच्या आधी गुरवाची सून भरदुपारी देवी चोरते आणि अख्खं गाव मागं धावतं, खाटेवरच्या म्हाताऱ्यांसकट. मी तीनदा चोरलीय, कुणाला सापडले नाही! आणि चार वर्षांमागं दोरा खरंच तुटला होता. सरकारची जीप येईपर्यंत आम्ही पलीकडच्या शाळेत पिठलं-भात जेवत होतो. अकरा घरं गेली. ती पुन्हा बांधली, जरा लांब.

चला, उठते. आज पाळी माझी आहे. काय म्हणता, दोरा शाबूत असला तर? तर घरी येऊन जेवायचं. आणि तुटलेला असला तर टोपली उचलायची. त्यात विचारायचं काय?