तुंगी मुंगीचं पिवळं पोलकं

वारुळात लग्न होतं. तुंगी मुंगीच्या आत्याचं. मुंग्यांचं लग्न चार दिवस चालतं. तुंगी होती करवली.

आई म्हणाली, "तुंगे, करवलीनं रोज नवा जोड घालायचा. परकर-पोलकं एका रंगाचं नको."

तुंगीचे परकर दोन. लाल आणि हिरवा. पोलकी तीन. लाल, हिरवं, पिवळं.

तुंगीनं मोजलं.
लाल परकर, हिरवं पोलकं. एक.
लाल परकर, पिवळं पोलकं. दोन.
हिरवा परकर, लाल पोलकं. तीन.
हिरवा परकर, पिवळं पोलकं. चार.

चार दिवस, चार जोड. तुंगी खूश झाली. पोलकी धुतली, वाळत घातली.

भुर्रर्र वारा आला. पिवळं पोलकं उडालं. बोरीच्या काट्यात अडकलं.

आता जोड राहिले दोनच. आई म्हणाली, "मग दोन दिवस तू करवली. पुढचे दोन दिवस तुझी चुलतबहीण."

तुंगीला रडूच आलं. डोळे पुसले आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"बोरीबाई, बोरीबाई, पोलकं दे. पोलकं मिळेना, चार जोड होईनात."

बोर म्हणाली, "मी कशी वाकू गं? वाऱ्यानं हलवलं, तर देईन."

वारा बांधावर लोळत होता. तुरुतुरु, तुरुतुरु.

"वारादादा, वारादादा, बोर हलव. बोर हलेना, पोलकं मिळेना, चार जोड होईनात."

वारा म्हणाला, "दमलो बुवा. चिऊनं खेळायला पीस दिलं, तर उठेन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"चिऊताई, चिऊताई, पीस दे. वारा उठेना, बोर हलेना, पोलकं मिळेना, चार जोड होईनात."

चिऊ म्हणाली, "तीन पिल्लं, तीन भांडणं. ती गप्प बसली, तर देईन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"पिल्लांनो, पिल्लांनो, गप्प बसा. चिऊ पीस देईना, वारा उठेना, बोर हलेना, पोलकं मिळेना, चार जोड होईनात."

चिव चिव चिव. पिल्लं म्हणाली, "आम्हाला दोन दोन मणी हवेत. दोन्ही एका रंगाचे नकोत. आणि माझ्यासारखी जोडी दुसऱ्याला नको."

घरट्यात मणी सहा. दोन लाल, दोन हिरवे, दोन पिवळे.

"एवढंच ना?" तुंगी म्हणाली. जोड लावण्यात तिचा हात बसलाच होता.

लाल-हिरवा, थोरल्याला.
लाल-पिवळा, मधल्याला.
हिरवा-पिवळा, धाकट्याला.

पिल्लं गप्प बसली. चिऊनं पीस दिलं. वारा उठला. सूं सूं सूं. बोर हलली. पोलकं सुटलं, भिरभिर भिरभिर, थेट तुंगीच्या डोक्यावर.

पोलक्याला पाठीवर एक भोक पडलं होतं. आई म्हणाली, "असू दे. करवलीला तेवढाच वारा लागेल."

चौथा दिवस आला. हिरवा परकर, पिवळं पोलकं. आत्याच्या शेजारी कोण? आपली तुंगी. चुलतबहीण बसली लाडू खात.

दिवस चार, जोड चार, आमची गोष्ट झाली पार.