पडद्यापलीकडे बसलेले बाबा

"...मग तुम्हीच सांगा बाबा, दार उघडू की बंदच ठेवू?"

विश्वंभरने पुन्हा विचारलं. भानगिरीबाबा झोळीतली भिक्षेची भाकरी काढून फडक्यावर ठेवत होते.

प्रश्न सिनेमाच्या शेवटाचा होता. बापाच्या अंत्यविधीलाही न जाता नशेत लोळत पडलेला एक तरुण कैक वर्षांनी घरी परततो आणि आईच्या दारात उभा राहतो, एवढीच गोष्ट. कुणा निर्मात्याच्या पाया न पडता, चार मित्रांना हाताशी धरून विश्वंभरने सिनेमा शेवटापर्यंत आणला होता. आई दार उघडते, असा शेवट करून पाहिला. उघडत नाही, असाही केला. दोन्ही खोटे वाटले आणि गडी पुरता हैराण झाला.

"गोष्ट कुणाची?" बाबांनी विचारलं.

"माझीच."

"अन् घर?"

"तसंच घर दुसऱ्या गावात उभारलं, बाबा. अगदी हुबेहूब. आमच्या घरी... मी अजून गेलो नाही."

"माय आहे?"

"आहे."

बाबांनी फडक्यावरच्या भाकरीचा एक तुकडा मोडला.

"दाखव," मग एवढंच म्हणाले.

मठातल्या खोलीची खिडकी लावून घेतली. मधोमध पांढरं धोतर ताणून बांधलं. विश्वंभरने सोबत आणलेल्या प्रोजेक्टरवर चित्र सुरू झालं तसे बाबा उठले आणि धोतराच्या मागे जाऊन बसले.

"बाबा, इकडे या! तिकडून सगळं उलटं दिसतं."

"दिसू दे. तो जिथनं निघालाय तिथं तू बैस. त्याला जिथं पोचायचंय तिथं कुणी बसायला नको?"

विश्वंभरला हसू आलं. रानात राहणाऱ्या गोसाव्याला सिनेमातलं काय कळणार, असं वाटून तो मनातल्या मनात सुखावलाही.

पडद्यावरचा तरुण चालत राहिला. दारापाशी आला. कडी वाजवायला त्याने हात उचलला, पण वाजवेना. विश्वंभरने चित्र तिथेच थांबवलं. पुढचं खरं वाटेल असं त्याच्यापाशी काही नव्हतंच.

आणि धोतर हललं.

ते बाजूला सारून बाबा पुढे आले. एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. लांबून आलेल्या लेकरावरून ओवाळून टाकायला आई उंबऱ्यात घेऊन येते, तसं. पडद्यावरचं ते दार आता त्यांच्या छातीवर पडलं होतं. लहानपणीच घर सुटलेला हा माणूस. त्याच्यावरून कुणी कधी तुकडा ओवाळला असेल का?  विश्वंभर नकळत उठून उभा राहिला. देवळाच्या गाभाऱ्यातही त्याचे हात असे आपसूक जोडले गेले नव्हते.

बाबांनी खोलीभर नजर फिरवली.

"पोरगं कुठंय?"

"बाबा..." विश्वंभर पुटपुटला. "ते चित्र आहे. तिथं कुणी नाही."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. ओवाळायला उचललेला हात खाली घेतला आणि तो तुकडा हलकेच त्याच्या ओंजळीत ठेवला.

"मग एवढी वर्षं त्या दारात ताटकळतंय कोण?"